आठवा मणी

गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला मी "येस मिस" इतकं हळू म्हणायचे की महिन्यातले चार-पाच दिवस पहिल्या बाकावर बसूनही मी गैरहजर असायचे. आणि या वर्षी, दहावीत, तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी माईक हातात धरून हायड्रोजनपासून आर्गॉनपर्यंत अठराच्या अठरा मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉनची मांडणी एका श्वासात म्हणून दाखवली. एक, दोन, दोन-एक, दोन-दोन, करत करत थेट दोन-आठ-आठपर्यंत. टाळ्या पडल्या. थोड्या मी म्हटलं म्हणून, थोड्या मी थांबले म्हणून. माझा मामा म्हणतो, सगळ्या थांबले म्हणूनच.

माझा दुसरा नंबर आला. पहिला ज्वालामुखीला गेला. तो दरवर्षी ज्वालामुखीलाच जातो.

पण परीक्षकांच्या शेजारी बंगळूरहून आलेल्या अंजनी मॅडम बसल्या होत्या. शाळांना विज्ञानाचं साहित्य पुरवणं हा त्यांचा धंदा. त्या माझ्या थर्मोकोलच्या अणूपाशी आल्या, एक इलेक्ट्रॉन बोटाने दाबून बघितला, तो लगेच गळून पडला, आणि त्यांनी विचारलं, "तू चन्नपट्टणची ना? हे लाकडात नाही का होणार?"

"न व्हायला काय झालं!" मी म्हटलं. "माझे ताता करतील. मणी कातणं म्हणजे त्यांच्या हातचा मळ."

ताता म्हणजे माझ्या आईचे वडील, पुट्टस्वामी. बावन्न वर्षं लेथवर लाखेची खेळणी कातताहेत. मॅडमना शब्द देण्याआधी त्यांना विचारायला हवं होतं, हे मला परतीच्या बसमध्ये आठवलं.

सुदैवाने ताता नाही म्हणण्याच्या परिस्थितीत नव्हते. आमच्या शेडमध्ये एके काळी चार लेथ फिरायच्या. मग नवा एक्सप्रेसवे गावाला वळसा घालून गेला, म्हैसूरच्या गाड्या आमच्याकडे ढुंकूनही बघेनात, आणि तीन लेथ विकल्या गेल्या. उरलेल्या एका लेथवर ताता बसतात. नंजुंड मामाने, म्हणजे अम्माच्या धाकट्या भावाने, सरळ सांगून टाकलं होतं की दसऱ्यापर्यंत धड काम आलं नाही तर शेड बॅटरीवाल्याला भाड्याने द्यायची. बॅटरीवाला दोनदा येऊन टेप लावून गेला होता. दुसऱ्या वेळी ताता लेथवर बसलेले होते. त्याने त्यांच्या गुडघ्यापासून भिंतीपर्यंत माप घेतलं आणि त्यांनाच टेपचं टोक धरायला लावलं. ताताने धरलं. घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नाही.

म्हणून दीडशे जोड्यांचं काम आलं तेव्हा मी घरात अशी फिरत होते, जणू एक्सप्रेसवे मीच परत वळवला.

काम असं होतं. दोन लाकडी थाळ्या, हळदीच्या रंगाची सोडियमची, हिरवी क्लोरिनची. थाळीच्या मधोमध एक गोळा, भोवती कातलेली तीन गोल वळं, वळांवर भोकं, भोकांत खुंटीवर बसवलेले मणी. हे मणी म्हणजे इलेक्ट्रॉन. सोडियमला दोन, आठ आणि बाहेरच्या वळावर एकटा एक. क्लोरिनला दोन, आठ आणि बाहेर सात. मॅडमच्या कागदावर शेवटी दोन ओळी होत्या: सोडियमचा बाहेरचा मणी काढता-घालता यावा. क्लोरिनच्या बाहेरच्या वळाला भोकं आठ, मणी सात.

मी चार्ट पेपरवर रंगीत आकृती काढली आणि ती शेडच्या भिंतीवर चिकटवून ताताला शिकवायला उभी राहिले. हातात फूटपट्टी घेऊन.

"आतल्या वळावर दोन," मी म्हटलं.

"राजा-राणी," ताता म्हणाले. दसऱ्याला आम्ही घरात पायऱ्या लावून बाहुल्या मांडतो, त्यात सगळ्यांत आधी राजा-राणीची जोडी बसते, मग बाकीची जनता. त्यामुळे आत दोघंच, ह्याचं त्यांना काही नवल वाटलं नाही. "मग?"

"मग आठ."

"आणि हे आठ बसल्याशिवाय बाहेरच्या पायरीवर कोणी चढायचं नाही?"

"नाही."

"शिस्त आहे," ताता म्हणाले. त्यांना अणू आवडलेला दिसला. मग त्यांनी चष्मा वर केला आणि क्लोरिनच्या बाहेरच्या वळावर बोट ठेवलं. "इथं भोकं आठ, मणी सात. आठवा कुठं गेला?"

"नसतो."

"का नसतो?"

आता खरं सांगायचं तर ह्या प्रश्नाची माझी तयारी नव्हती. क्लोरिन दोन-आठ-सात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. पण झोपेतून उठवून "का" असं कोणी विचारत नाही. परीक्षेतही नाही.

"ताता, ते सायन्स आहे," मी फूटपट्टी हातावर आपटत म्हटलं. "तसंच असतं. तुम्ही फक्त करा."

"करा अप्पा," मामा दारातून म्हणाला. "मास्तरीणबाईंनी सांगितलंय. नाही तर बाकावर उभं करतील."

ताताने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. लहानपणी मी नाचणीच्या मुद्द्याचा घास न गिळता गालात धरून ठेवायचे आणि "संपलं" म्हणायचे, तेव्हा ते असेच बघायचे. मग त्यांनी पटाशी उचलली.

आमच्या शेडचे दोन कायदे आहेत. न्यूटनचे तीन असले तरी आमचे जुने आहेत, निदान ताता तसं सांगतात. पहिला: भोक पाडलं की रिकामं ठेवायचं नाही. दुसरा: बसवलेली खुंटी हलता कामा नये. रिकामं भोक दिसलं की गिऱ्हाइकाला वाटतं मणी पडला. हलणारी खुंटी दिसली की वाटतं आता पडेल. ह्या दोन कायद्यांच्या जोरावर बावन्न वर्षांत ताताच्या हातचं एकही खेळणं परत आलेलं नाही. गावात लोक देवाची शपथ घेतात, ताता ह्या गोष्टीची घेतात.

हे सगळं मला माहीत होतं. आणि मी त्यांच्या भिंतीवर एक रिकामं भोक आणि एक ढिला मणी चिकटवून निघून गेले.

पुढचे तीन आठवडे मी शेडमध्ये रोज जात होते. पण काम बघायला नाही, बोलायला. शेजारच्या बायका आल्या की मी त्यांना समजावायचे, "हा अणू. हे इलेक्ट्रॉन. हे सतत फिरत असतात." एकदा अम्माच म्हणाली, "तुझ्या तोंडासारखे." ताता लेथवर लाखेची कांडी टेकवत होते, फिरत्या लाकडाच्या घर्षणाने लाख वितळून हिरवा रंग चढत होता, मग केवड्याचं वाळकं पान दाबून ते चकाकी आणत होते. झालेली जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात जात होती. मी एकही उघडून बघितली नाही. करणारा ताता आणि सांगणारी मी, मग बघायचं काय?

मॅडम सोमवारी यायच्या होत्या. त्याच आठवड्यात गुरुवारी आयुधपूजा होती आणि शाळेला सुट्टी लागली होती. सोमवारी सकाळी अम्माने शेडसमोर रांगोळी काढली, ताताने नवा शर्ट घातला, आणि मी ठरवलं की मॅडमसमोर मणी इकडून काढून तिकडे लावायचं प्रात्यक्षिक करायचं. सरावासाठी वरच्या खोक्यातली एक जोडी काढली.

सोडियमचा मणी ओढला. निघेना.

पिळला. निघेना. इकडेतिकडे बघून दात लावले. दाताला हळदीची चव आली, मणी तसाच. लाख लावून पक्का बसवलेला.

मग क्लोरिनकडे बघितलं. बाहेरच्या वळावर मणीच मणी. मी मोजले. उजवीकडून मोजले, डावीकडून मोजले, एकावर बोट ठेवून मोजले. आठ. दुसरी थाळी उघडली. आठ. खोक्याच्या तळातली काढली. आठ.

दोन-आठ-आठ. म्हणजे क्लोरिन नव्हताच. आर्गॉन! जो कोणाकडे काही मागत नाही, कोणाला काही देत नाही, कोणात मिसळत नाही. आमच्या शेडमध्ये दीडशे आर्गॉन वर्तमानपत्रं पांघरून बसले होते, आणि शेजारी दीडशे सोडियम आपला एकुलता एक मणी छातीशी घट्ट धरून.

ताता दाराशी फुलाची माळ लावत होते. मी थाळी घेऊन गेले. "ताता, हा आठवा मणी..."

त्यांनी पटकन इकडेतिकडे बघितलं, मामा लांब आहे ह्याची खात्री केली, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "हळू. कोणाला कळू दिलेलं नाही मी."

"काय कळू दिलेलं नाही?"

"पुट्टी," म्हणजे छोटी, लाडात आले की ते मला असंच म्हणतात, "आकृती काढताना मोजायला चुकलीस तू. होतं असं. मी विचारलं तेव्हाच कळलं मला, तुला सांगता आलं नाही. चूक झालेलं माणूसच 'तसंच असतं' म्हणतं." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मॅडमसमोर तुझी फजिती नको म्हणून दीडशे मणी मी जास्तीचे कातले. तुझ्या मामालाही बोललो नाही. आणि तो ढिला मणी पक्का केला. पोरं गिळतात."

मी, तालुक्यात दुसरी, एका श्वासात अठरा मूलद्रव्यं म्हणणारी, "बरं" म्हणाले.

मॅडम आल्या. अम्माने कॉफी आणि मद्दूर वडे दिले. मॅडमनी क्लोरिन हातात घेतला, गालाला लावून बघितला. "किती गुळगुळीत! आणि रंग बघा. कुठे एक फट नाही." ताता खाली बघून हसले. मॅडमनी थाळी उजेडात धरून फोटो काढले. सात फोटो. फोटो मी मोजले, त्यांनी मणी मोजले नाहीत.

"मॅडम, ते प्रात्यक्षिक..." माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"नंतर गं. मला बारापर्यंत बिडदी ओलांडायचीय, नाही तर ट्रॅफिक. एकदम पास! ह्या जोड्या चालल्या की दरवर्षी काम पक्कं."

मामाने नारळ फोडला. दोन खोकी टेम्पोत चढली. मग चार. मॅडम गाडीत बसून फोनवर बोलत होत्या. आणि मी उभी राहून हिशेब करत होते. गप्प राहिले तर शेड वाचते, ताता वाचतात, माझीही फजिती वाचते. नुकसान कोणाचं? दीडशे शाळांमधल्या कोणा पोरापोरींचं, ज्यांनी मला कधी बघितलेलं नाही. त्यांतली एखादी पहिल्या बाकावर बसून मोजेल, आठ येतील, पुस्तकात सात असतील. ती उभी राहून हळू आवाजात "मिस" म्हणेल. आणि मिस म्हणतील, "तसंच असतं. बस खाली."

शेवटचं खोकं ताताने स्वतः उचललं होतं.

"ताता, थांबा," मी म्हटलं. "मी मोजायला चुकले नाही. सातच असतात."

ते थांबले. "मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तुम्ही 'का' विचारलंत. ते मला माहीत नव्हतं."

"आता माहीत आहे?"

मी खोक्यातून एक सोडियम काढला, एक क्लोरिन काढला, दोन्ही हातांत धरले. आणि खरं सांगते, तोपर्यंत मला माहीत नव्हतं. दात लावून मणी निघाला नव्हता तेव्हाच काहीतरी डोक्यात हललं होतं, ते आत्ता जागेवर बसलं.

"हे बघा. ह्याच्या बाहेरच्या वळावर एकच मणी आहे. एकटा. हा गेला तर ह्याचं बाहेरचं वळच राहत नाही. मग त्याच्या आतलं वळ शेवटचं, आणि तिथं आहेत आठ. भरलेले. आणि ह्या हिरव्याला एक कमी. म्हणून हा देतो, तो घेतो. दोघांचेही आठ होतात, आणि मग दोघं एकमेकांना सोडत नाहीत. त्याचं मीठ होतं, ताता. आपलं जेवणातलं."

ताताने दोन्ही थाळ्या जवळजवळ धरून बघितल्या.

"म्हणजे आठ भरलेच पाहिजेत," ते म्हणाले. "मी काय वेगळं केलं?"

"तुम्ही बाहेरून आणून दिलात. तो शेजाऱ्याकडून घ्यायचा असतो."

"आणि मी शेजाऱ्याचाही पक्का करून टाकला." ताताने खोकं खाली ठेवलं. "शिव शिवा. दीडशे घरांची सोयरीक मोडली की मी." मग टेम्पोकडे वळून म्हणाले, "नंजुंडा, खोकी उतरव."

मामाला आधी वाटलं थट्टा आहे. मग कळलं, तेव्हा त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "अप्पा, मॅडमनी पास केलंय!"

"मॅडमनी केलंय. मी कुठं केलंय?"

"एका मण्यासाठी? ही पोरगी काहीही बडबडते आणि तुम्ही..."

"आज पहिल्यांदा ती बडबडली नाही."

मॅडम गाडीतून उतरल्या. सगळं ऐकून घेतलं, स्वतः एक थाळी मोजली, पुन्हा मोजली, आणि मग जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. "अरे हो की. पण ताता, खरं सांगू? भरलेलंच छान दिसतंय. फोटोतही छान आलंय. कोण मोजतंय एवढं?"

"पोरं मोजतात, मॅडम," ताता म्हणाले. "मोठ्यांसाठी मी कधी खेळणी केली नाहीत."

मॅडमनी घड्याळ बघितलं, बिडदीच्या दिशेने बघितलं. "शुक्रवारी सकाळी माझी गाडी उत्तरेकडे निघते. गुरुवारी दुपारपर्यंत पोचायला हव्यात. नाही तर प्लास्टिकवाला तयार आहे, त्याला सांगावं लागेल. आणि पुढच्या वर्षीचंही मग त्याच्याकडेच."

गुरुवार म्हणजे आयुधपूजा. त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात, त्यांना हात लावायचा नसतो. म्हणजे उरलेला सोमवार, मंगळवार आणि बुधवार. टेम्पो रिकामा गेला. मामा म्हणाला, "झालं. बावन्न वर्षांत पहिला माल परत आला."

"आला कुठं?" ताता म्हणाले. "गेलाच नव्हता."

पण बोलणं सोपं होतं. लाखेने पक्का केलेला मणी काढायचा कसा? ओढला तर खुंटी मोडत होती, ठोकला तर थाळीला टवका जात होता. ताताने इतकी वर्षं मणी निघू नये ह्याचाच अभ्यास केलेला. काढण्याच्या बाबतीत ते माझ्याएवढेच अडाणी. शेवटी अम्मा घरातून इस्त्री घेऊन आली. गरम इस्त्रीचं टोक मण्याच्या माथ्यावर टेकवलं, मनात पाच म्हटले, ओल्या फडक्याने धरून पिळलं, आणि मणी सुटला. खुंटीसकट.

"इतकी वर्षं तुझ्या शाळेचे, ह्या नंजुंडाच्या ऑफिसचे कपडे इस्त्री केले," अम्मा म्हणाली. "कुणी टाळी वाजवली नाही."

मी वाजवली. मामाने वाजवली नाही, पण खुर्ची ओढून बसला आणि भोकातली लाख खरवडायला लागला. अधूनमधून म्हणत होता, "सायन्स आहे. तसंच असतं." मला उद्देशून. मी ऐकून घेत होते. तीन दिवस मी जेवढं ऐकून घेतलं तेवढं आठवीत आणि नववीत मिळूनही घेतलं नव्हतं.

क्लोरिनचं काम मंगळवारी दुपारीच उरकलं. खरा घोळ सोडियमचा होता. त्याचा मणी ढिला हवा होता. आणि ताताच्या हाताला ढिलं येईना.

ते नवी खुंटी कातायचे, बसवायचे, ती पक्की बसायची. जराशी घासायचे, तरी पक्की. चिडून जास्त घासायचे, मग थाळी तिरपी केली की मणी टपकन खाली. बावन्न वर्षांची सवय. डोकं "ढिली" म्हणत होतं आणि हात ऐकत नव्हता. पहिल्या तासात अकरा खुंट्या वाया गेल्या. बारावी फेकताना ताता म्हणाले, "पुट्टी, पक्कं करणं पोरखेळ आहे गं. हे अवघड आहे. जायची इच्छा तर हवी, पण कोणी बोलावल्याशिवाय जायचा नाही."

"असंच असतं, ताता. सोडियमचं."

"का?"

मी विचार केला. घाई केली नाही. "तो एकटा बाहेर आहे. मधल्या गोळ्यापासून लांब, आणि मध्ये दहा जण बसलेत. म्हणून गोळ्याची पकड त्याच्यावर कमी."

ताताने मान हलवली. मामाकडे बघितलं, जो लग्न झाल्यावर तीन वर्षं बंगळूरला जाऊन राहिला होता आणि दर रविवारी कपडे धुवायला घरी आणायचा. "कळलं," ते म्हणाले. "अशी खुंटी बघितलीय मी."

त्यानंतरची खुंटी नीट झाली. थाळी उलटी केली तरी मणी पडला नाही, आणि मी दोन बोटांनी धरला तर अलगद हातात आला. क्लोरिनच्या भोकात ठेवून दाबला, टक् असा आवाज आला आणि मणी बसला. तो आवाज ऐकून आम्ही चौघंही थाळीवर वाकलो. मग मामा म्हणाला, "परत कर." मी परत केलं. टक्. "दे इकडे," म्हणून मामाने स्वतः केलं. आठ-दहा वेळा. ताताला शेवटी त्याच्या हातातून ओढून घ्यावा लागला.

बुधवारी दिवेलागणीला दीडशेवी जोडी खोक्यात गेली. ताताने लेथ पुसली, पटाश्या धुतल्या, ओळीने मांडल्या.

गुरुवारी सकाळी लेथला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलेला कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. अम्माने इस्त्रीलाही माळ घातली. मी माझी फूटपट्टी ठेवणार होते, पण मामाची नजर बघितली आणि पेन ठेवलं. घरातल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांवर ताताने एक हिरवी थाळी ठेवली, आठव्या मण्यासकट. दीडशेपैकी एवढी एक त्यांनी दुरुस्त केली नव्हती, तिच्या जागी नवी कातली होती.

"ही का ठेवली?" अम्माने विचारलं.

"ती चुकलेली नाही. नाव चुकलं होतं तिचं," ताता म्हणाले. "काय म्हणतात गं हिला?"

"आर्गॉन."

"हं. बसू दे. कोणाच्या घेण्यात ना देण्यात."

मॅडम बाराला स्वतः आल्या. ह्या वेळी कॉफीला नाही म्हणाल्या, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि मोजायला लागल्या. प्रत्येक थाळी. बोट ठेवून, ओठ हलवत. आमच्यावरचा विश्वास उडाला होता म्हणून, की आपण मोजलं नव्हतं ह्याची लाज वाटली म्हणून, कोण जाणे. ऐंशीव्या थाळीपर्यंत मामा अस्वस्थ झाला. ताता मात्र भिंतीला टेकून इतके खूश होते की जणू सत्कार चालला आहे. बावन्न वर्षांत त्यांचं काम मोठ्या माणसाने मोजून घेतल्याचं हे पहिलंच उदाहरण.

दीडशेव्या जोडीचा मणी मॅडमनी काढला, लावला. टक्. मग परत काढला, परत लावला, आणि म्हणाल्या, "पास."

ताता माझ्याकडे बघत होते. मला कळलं ते कशाची वाट बघताहेत. मी एक सोडियम उलटा धरला, दोन बोटांनी मणी ओढला, क्लोरिनची बाहेरची भोकं मोजली. "पास, ताता."

"मग चढव, नंजुंडा."

टेम्पो गेला. बॅटरीवाला संध्याकाळी चुरमुरे घ्यायला आला आणि भिंतीकडे बघून चुळबुळ करत गेला. टेप खिशातच राहिली. आणि जाता जाता मॅडमनी पुढच्या वर्षीचा कागद देऊन ठेवला होता, तो मी शुक्रवारी सकाळी शेडमध्ये जाऊन मोठ्याने वाचला. मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन. मॅग्नेशियमचे बाहेरचे दोन मणी निघायला हवेत. ऑक्सिजनच्या बाहेरच्या वळाला भोकं आठ, मणी सहा.

ताता लेथवर बसले होते. पटाशी समोर होती, पण तिला हात लावेनात.

"दोन रिकामी?" त्यांनी विचारलं. "का?"

मामा दारात येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून. अम्मा आतून डोकावली. माझ्या जिभेवर दोन-सहा, दोन-आठ-दोन तयारच होतं, एका श्वासात.

"थांबा," मी म्हटलं. "दप्तर घेऊन येते."